काचेवरची खूण आणि लोखंडातला क्रमांक

वाचकांचे प्रश्न : वाहन

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरत आहेत. गाडीवरची एखादी खूण हरवली, फाटली, गंजली किंवा दुसऱ्या कोणी वापरली, तर ही गाडी आपलीच आहे हे सिद्ध कसे करायचे, हा तो विषय. त्यांतील काही पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गाड्यांचे क्रमांक नेहमीप्रमाणे गाळले आहेत.

प्रश्न : द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकमधून उडालेला खडा लागून माझ्या गाडीची दर्शनी काच तडकली, म्हणून ती बदलून घेतली. जुन्या काचेबरोबर फास्टॅग गेला आणि डाव्या कोपऱ्यातील निळसर रंगाचे छोटे स्टिकरही गेले. काच बसवणारा म्हणतो की, तसेच स्टिकर तो दीडशे रुपयांत छापून आणून देईल. घ्यावे का? (पुणे)

उत्तर : घेऊ नका. ते स्टिकर शोभेचे नाही. नियमांच्या भाषेत ते आपल्या गाडीचे तिसरे नोंदणीचिन्ह आहे. पहिली दोन चिन्हे म्हणजे पुढची आणि मागची नंबर प्लेट. शंभर मिलिमीटर रुंद आणि साठ मिलिमीटर उंच अशा या स्टिकरवर गाडीचा नोंदणी क्रमांक, नोंदणी करणारे कार्यालय, इंजिन व चेसिस (गाडीचा सांगाडा) क्रमांक असतात. शिवाय या दोन्ही नंबर प्लेटवर, म्हणजे उच्च सुरक्षा पाट्यांवर (एचएसआरपी), लेसरने कोरलेले वेगवेगळे क्रमांकही त्यावर छापलेले असतात. पुढची पाटी, मागची पाटी आणि काच यांची गाठ या लेसर क्रमांकांनी मारलेली असते. दुकानात छापलेल्या नकलेत हे क्रमांक येणार कुठून? आले, तर ते कोणाच्या तरी दुसऱ्या गाडीचे असतील आणि मग आपला प्रश्न स्टिकरपुरता राहणार नाही.

रंगालाही अर्थ आहे. फिका निळा रंग पेट्रोल आणि सीएनजीसाठी, नारिंगी डिझेलसाठी आणि करडा इतर इंधनांसाठी असतो. भारत स्टेज सहा या प्रदूषण मानकाच्या गाडीला त्यावर वरच्या बाजूस हिरवी पट्टीही असते. स्टिकर असे बनवलेले असते की एकदा चिकटल्यावर काढायला गेले तर ते फाटून निकामी होते. म्हणून जुन्या काचेवरून ते अलगद सोडवून नव्या काचेवर लावण्याचा खटाटोप करू नये; मी स्वतः एकदा केस वाळवण्याच्या यंत्राने काच तापवून तो प्रयोग केला होता आणि हाती फक्त चंदेरी भुगा आला.

१ एप्रिल २०१९ नंतर नोंदवलेल्या गाडीला या पाट्या आणि स्टिकर उत्पादकाच्या वतीने विक्रेत्याकडून मिळालेले असतात, म्हणून बदलीसाठीही विक्रेत्याकडेच जावे. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात परिवहन विभागाने विभागवार तीन संस्था नेमल्या आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर आपल्या आरटीओचा सांकेतिक क्रमांक निवडून अर्ज करता येतो. अर्ज करताना काच बदलल्याचे बिल आणि आरसी जवळ ठेवावी. नवे स्टिकर हाती येईपर्यंत ते बिल गाडीतच असू द्यावे.

फास्टॅगचे काम वेगळे आहे. तो ज्या बँकेने दिला, तिच्याकडेच बदली टॅग मागावा. दुसऱ्या बँकेचा नवा टॅग घाईने घेऊ नये, कारण एका वाहनाला एकच टॅग असा दंडक आहे आणि दोघांच्या ओढाताणीत नाक्यावर दोन्ही नाकारले जाण्याची शक्यता असते. नवा टॅग आरशाच्या मागे, काचेच्या आतून, मधोमध चिकटवावा. हातात धरून नाक्यावर दाखवण्याची सवय असल्यास ती सोडावी. असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे आदेश राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत.

प्रश्न : आमची २०१४ची हॅचबॅक ऑगस्ट २०१९च्या पुरात तीन दिवस पाण्याखाली होती. विमा कंपनीच्या संमतीने दुरुस्त करून आम्ही ती वापरत राहिलो. आता विकायला काढली, तर गिऱ्हाईकाबरोबर आलेल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून चेसिस क्रमांक पाहिला आणि शेवटचे पाच आकडे गंजात गेले आहेत, असे सांगून सौदा मोडला. पुढच्या आणि मागच्या दरवाजांमधल्या खांबावरची क्रमांकाची पट्टी पूर्वी डेंटिंग-पेंटिंग करताना निघून गेली होती. एका गॅरेजवाल्याने क्रमांक पुन्हा ठोकून देण्याची तयारी दाखवली आहे. माझे पती हयात नाहीत आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. काय करावे? (सांगली)

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन गुंते एकत्र आले आहेत. नाव बदलण्याचा गुंता सोपा आहे. मालकाच्या निधनानंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना ३१ चा अर्ज असतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे लागतात. पण त्या कामासाठीही निरीक्षक चेसिस क्रमांक पाहू शकतो, म्हणून आधी दुसरा गुंता सोडवावा लागेल.

गॅरेजवाल्याला क्रमांकाला हात लावू देऊ नका. त्याचा हेतू चांगला असेलही. परंतु परवानगीशिवाय ठोकलेला क्रमांक आणि चोरीच्या गाडीवर ठोकलेला क्रमांक यांच्यात तपासणाऱ्याला फरक करता येत नाही. उत्पादकाच्या ठशांतील अक्षरांची घडण, त्यांची खोली, दोन अक्षरांमधले अंतर, सुरुवातीची आणि शेवटची चांदणीसारखी खूण, हे सगळे ठरलेले असते. बाजारातल्या पंचांनी (आकडा उठवण्याच्या लोखंडी ठशांनी) हातोड्याने मारलेले आकडे थोडे तिरपे आणि कमी-जास्त खोल पडतात आणि जाणत्या नजरेला ते पहिल्या झटक्यात दिसतात. आज आपली गाडी खरी आहे आणि तिचा क्रमांक अस्पष्ट आहे. तो ठोकला, की क्रमांक स्पष्ट होईल आणि गाडी संशयित होईल.

आता तो क्रमांक खरोखरच गेला आहे का, ते पाहू. बहुतेक वेळा गेलेला नसतो, गंजाच्या थराखाली झाकलेला असतो. ग्राइंडर, वायरब्रश, पॉलिश पेपर यांतले काहीही वापरू नका. गंज सैल करणारे तेल किंवा साधे रॉकेल कापसाने लावून रात्रभर राहू द्या, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने हलक्या हाताने घासा आणि जागा कोरडी करा. मग बॉनेटखाली अंधार होईल अशा वेळी विजेरी सरळ न धरता पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. आडव्या उजेडात आकड्यांच्या कडांची सावली पडते आणि दुपारी न दिसणारा आकडा संध्याकाळी दिसतो. दिसला, की लगेच छायाचित्र घ्या. त्यानंतर मऊ शिशाच्या पेन्सिलीने आकड्यांवरून आडवे घासा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवा, सावकाश उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा. उंच भाग काळे आणि खोलगट भाग कोरे असा ठसा उतरतो. परिवहन कार्यालयात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ‘पेन्सिल प्रिंट’ तो हाच. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत नेण्यासाठी जो नमुना २८ भरतात, त्यावर या ठशासाठी जागाच ठेवलेली असते.

एवढे करूनही आकडे उमटले नाहीत, तरी आशा सोडण्याचे कारण नाही. पंच मारला जातो तेव्हा पत्र्यावर दिसणाऱ्या खोलगट रेषेच्या खालचा धातूही दाबला जातो आणि त्याची आतली रचना आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळी होऊन बसते. वरची रेषा घासली गेली किंवा गंजली, तरी खालचा दाबलेला भाग शिल्लक असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील तज्ज्ञ पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करून त्यावर क्यूप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण लावतात. दाबलेला धातू आणि न दाबलेला धातू यांच्यावर ते वेगळ्या वेगाने परिणाम करते आणि गेलेला आकडा काही काळ पुन्हा दिसू लागतो. नंतर तो मावळतो, म्हणून त्या क्षणी छायाचित्र घेण्यासाठी कॅमेरा आधीच तयार ठेवलेला असतो. चोरीच्या गाड्यांवर पुसलेले क्रमांक पोलीस याच रीतीने वाचतात. ही माहिती समजण्यासाठी दिली आहे. बाजारातून आम्ल आणून घरी करण्यासाठी नव्हे. एकदा चुकीचा घाव बसला, की तज्ज्ञालाही काही उरत नाही. पत्राच आरपार खाल्ला गेला असेल, तर हा मार्ग बंद होतो, हेही सांगितले पाहिजे.

या सगळ्याच्या बरोबरीने कागदांची एक फाइल तयार करा. गाडी घेताना मिळालेला नमुना २१ म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र, नमुना २२ म्हणजे उत्पादकाचे प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती, दर वर्षीची विमा पॉलिसी, कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि कंपनीच्या वर्कशॉपमधल्या सर्व्हिसिंगच्या पावत्या जमवा. त्यांतील बहुतेकांवर चेसिस क्रमांक छापलेला असतो. पुराच्या वेळच्या विमा दाव्याचा सर्वेक्षण अहवाल आपल्याकडे नसला, तर कंपनीकडून त्याची प्रत मागवा. त्यात सर्वेक्षकाने काढलेली छायाचित्रे असतील आणि त्यांत चेसिस क्रमांकाचे एक छायाचित्र असण्याचा चांगला संभव आहे. माझ्या मते सगळ्या फाइलमध्ये हा एकच कागद सर्वांत मोलाचा ठरेल, कारण क्रमांक बिघडण्याच्या कारणाची तारीख त्यात आहे. इंजिन क्रमांक वाचता येत असेल, तर त्याचाही ठसा घ्या. अधिकृत वर्कशॉपच्या स्कॅनरने गाडीच्या संगणकात साठवलेला सतरा अक्षरी चेसिस क्रमांक वाचता आला, तर तो छापून शिक्का मारून घ्या.

ही फाइल घेऊन आपल्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि मोटार वाहन निरीक्षकाकडून गाडीची तपासणी मागा. गाडी चोरीची नाही हे दाखवण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेतून निघणारा अहवाल जोडा. क्रमांक पुन्हा उमटवायचा झालाच, तर तो कार्यालयाच्या लेखी आदेशाने, ते सांगतील त्याच ठिकाणी आणि नोंद करूनच उमटवायचा. मधल्या खांबावरची पट्टी मात्र उत्पादकाकडूनच अधिकृत विक्रेत्यामार्फत मागवावी लागते. तीही आरसी आणि ओळखपत्र पाहूनच मिळते. दुकानात मिळणारी कोरी पट्टी लावण्यापेक्षा ती जागा मोकळी राहिलेली परवडते.

खिडकीवरचा कारकून पहिल्या खेपेला ‘असे होत नाही’ म्हणेल, याची मानसिक तयारी ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सौदा मोडणाऱ्या गिऱ्हाईकाला नावे ठेवू नका. त्याच्या मेकॅनिकने आपले काम चोख केले.

प्रश्न : मी नाशिकबाहेर गाडी नेलेली नसताना मुंबईतले तीन ई-चलान माझ्या नावावर आले. छायाचित्रात माझाच क्रमांक, माझ्याच कंपनीची, माझ्याच रंगाची गाडी आहे. चलान भरून मोकळे व्हावे, असे घरचे म्हणतात. (नाशिक)

उत्तर : भरू नका. पहिले चलान भरले, की ती गाडी आपलीच होती हे आपण मान्य केल्यासारखे होते. आपल्या क्रमांकाची बनावट पाटी लावून कोणीतरी फिरत आहे आणि उद्या त्या गाडीने अपघात केला, तर पोलीस आपल्याच दारात येतील.

चलानवरचे छायाचित्र मोठे करून शांतपणे पाहा. एकाच रंगाच्या दोन गाड्या दुरून सारख्या दिसतात; पण चाकांच्या टोप्या, मागच्या काचेवरचा वायपर, बंपरवरचा ओरखडा, छतावरची अँटेना, देवाचे स्टिकर, विक्रेत्याच्या नावाची पट्टी यांत कुठेतरी फरक सापडतो. आपल्या गाडीची त्याच कोनातून छायाचित्रे काढा. मग पाटीकडे या. उच्च सुरक्षा पाटीवर डाव्या बाजूस वर अशोकचक्र असलेला होलोग्राम, त्याखाली निळ्या अक्षरांत देशाची तीन अक्षरी खूण आणि अगदी खाली लेसरने कोरलेला क्रमांक असतो. पाटी गाडीला पुन्हा न उघडणाऱ्या कड्यांनी बसवलेली असते. छायाचित्रातल्या गाडीवर साधी पाटी असेल आणि आपल्या गाडीवर उच्च सुरक्षा पाटी असेल, तर निम्मे काम तिथेच झाले. आपल्या गाडीलाही ती अजून बसवलेली नसेल, तर आजच नोंदणी करा. महाराष्ट्रात चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी ठरलेला आहे. जुन्या गाड्यांना ही पाटी बसवण्याच्या शेवटच्या तारखेला मुदतवाढ मिळत गेली म्हणून अनेकांनी हे काम लांबवले आणि नकली पाटीवाल्यांचे त्यात फावले.

त्या दिवशी गाडी कुठे होती याचे पुरावेही जोडा : कार्यालयाच्या वाहनतळाची पावती, सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण, सर्व्हिसिंगचे जॉबकार्ड, फास्टॅगच्या खात्याचा उतारा. नाशिकहून रस्त्याने मुंबईला जाणारी गाडी टोलनाक्यावर उमटल्याशिवाय सहसा राहत नाही, म्हणून उताऱ्यात नोंद नसणे हाही एक पुरावाच आहे. चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, ते आधी मागून घ्या. हे सर्व घेऊन राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा वाहतूक पोलिसांच्या ॲपवर प्रत्येक चलानाविरुद्ध स्वतंत्र तक्रार नोंदवा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात बनावट क्रमांकाची लेखी फिर्याद द्या. एक प्रत आरटीओलाही द्या.

प्रश्न : वडिलांची १९६९ची फियाट ११०० पुन्हा उभी करतो आहे. बॉनेटखालची ॲल्युमिनियमची पट्टी हरवली आहे. जुन्या गाड्यांच्या पट्ट्या हुबेहूब बनवून देणारे एक कारागीर माहीत आहेत. सतरा आकडी क्रमांक या गाडीला मुळातच नाही, त्याची अडचण येईल का? (दादर, मुंबई)

उत्तर : सतरा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक त्या काळी नव्हताच. आजच्या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून वापरत नाहीत आणि पहिल्या तीन खुणांवरून उत्पादक कळतो. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या आपल्या फियाटला मात्र तिचा जुना छोटा क्रमांकच पुरेसा आहे. आरसी बुकातला आकडा आणि गाडीच्या पत्र्यात ठोकलेला आकडा जुळतो ना, एवढेच पाहा.

पट्टी कारागिराकडून करून घेण्याचा मोह मला समजतो. ती करा, पण क्रमांकाची जागा कोरी ठेवा. जुन्या नमुन्यावर नवा क्रमांक कोरला, तर पट्टी शोभेची राहत नाही, ती नकली ओळख होते आणि चाळीस वर्षांनी गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला ती खरी वाटेल. जुलै २०२१च्या नियमदुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदवलेल्या अशा गाडीच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात; आधी नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीला २० हजार, नंतरच्या फेरनोंदणीला ५ हजार रुपये शुल्क आहे आणि मुदत दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हे ठरवूनच अर्ज करावा.

प्रश्न : येथे एका अपघातात माझ्या गाडीचा चालकाकडचा दरवाजा गेला. भंगारातून त्याच मॉडेलचा दरवाजा बसवला. त्याच्या कडेवर दुसऱ्याच गाडीच्या क्रमांकाचे स्टिकर आहे. मित्र म्हणतात, खरवडून टाक. (न्यू जर्सी)

उत्तर : खरवडू नका. अमेरिकेत गाडीचा ओळखक्रमांक जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा संघराज्याचा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. प्रामाणिक दुरुस्तीसाठी कायद्यात सवलत असली, तरी ती वेळ यावी कशाला? आपल्या गाडीची खरी ओळख डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात काचेतून दिसणाऱ्या क्रमांकावर ठरते. भंगारवाल्याची पावती, तिच्यावर दाता गाडीचा क्रमांक लिहून घेऊन, गाडीत ठेवा. आपल्या गाडीचा क्रमांक असलेले उत्पादकाचे प्रमाणन स्टिकर जुन्या दरवाजाच्या कडेवर असेल, तर ते गेले. मधल्या खांबावर असेल, तर ते शाबूत असेल. गेले असल्यास विक्रेत्याकडे मालकीचे कागद दाखवून उत्पादकाकडून नवे मागवता येते का, ते विचारा.

प्रश्न : उच्च सुरक्षा पाटी बसवल्यावर जुन्या पाट्यांचे काय करावे? बसवणाऱ्याने त्या माझ्याच हातात दिल्या. (सातारा)

उत्तर : पत्रा कापायच्या कात्रीने आकड्यांच्या मधून दोन तुकडे करा आणि ते एकाच दिवशी एकाच भंगारवाल्याला देऊ नका. गॅलरीत ठेवलेल्या अखंड पाट्या कोणीतरी उचलून नेल्या, तर नाशिकच्या वाचकासारखे पत्र पुढच्या अंकासाठी आपल्याला लिहावे लागेल.